दिव्यांगांच्या रोजगार प्रकल्पाला सरकारी निधी कसा मिळवायचा: नागपुरातल्या संस्थांसाठी

आमच्या पहिल्या प्रकल्पात आम्ही वीस शिलाई मशिनी घेतल्या, वीस जणींना सहा महिने शिकवलं, पाहुणे बोलावून प्रमाणपत्रं वाटली. वर्षभरानं फोन फिरवले तेव्हा त्यातल्या तिघी शिलाईवर कमावत होत्या. बाकीच्यांपैकी काहींच्या घरी मशीन नव्हती, काहींच्या गल्लीत आधीच चार टेलर होते. दोघींना पोलिओमुळे पायडल मारणं जमत नव्हतं. मोटर बसवायला लागेल हे आमच्यापैकी कुणाला सुचलंच नव्हतं. सरकारी पैसा तेव्हाही होता, आजही आहे. तो मागायचा क्रम आम्ही उलटा धरला होता: आधी निधी, मग प्रशिक्षण, मग नोकरी कुठे मिळते बघू. आता मी प्रस्ताव लिहिताना शेवटाकडून सुरुवात करतो आणि इथेही त्याच क्रमानं सांगतो.

पहिली पायरी: कारखान्याच्या गेटवर जा

प्रस्तावाचा पहिला शब्द लिहिण्याआधी दोन महिने हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर आणि मिहान या कारखान्यांच्या भागांत फिरा. मालकाला भेटायचा हट्ट धरू नका, एचआरवाला किंवा शॉप फ्लोअरचा सुपरवायझर जास्त कामाचा. त्याला विचारायचं ते एवढंच: तुमच्याकडे कुठल्या कामावर माणसं टिकत नाहीत? पॅकिंग, लेबल लावणं, वजन तपासणं, स्टोअरमधल्या नोंदी, डेटा एन्ट्री, कॉल सेंटर, कँटीन. माणसं टिकत नाहीत अशी जागा प्रत्येक ठिकाणी असते आणि तिथेच आपल्याला बोलायला वाव असतो. दयेच्या भाषेत बोलाल तर चहा मिळतो, नोकरी मिळत नाही.

कायद्याचा उल्लेख करायचा तर नेमका करा. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सरकारी आस्थापनांत ४ टक्के आरक्षण याच कायद्यानं दिलं. खाजगी कारखान्याला तशी सक्ती नाही. पण वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेनं समान संधी धोरण तयार करावं, दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी करावी आणि संपर्क अधिकारी नेमावा, असं २०१७ च्या नियमांत आहे. मी भेटलेल्या बऱ्याच एचआरवाल्यांना हे ठाऊक नव्हतं. धोरणाचा मसुदा आपणच करून दिला तर ते खूश होतात आणि त्यातली पदांची यादी आपल्यालाच उपयोगी पडते. कर्मचारी राज्य विम्याचं (ईएसआय) एक गणितही सांगून ठेवा: इतर कामगारांसाठी पगाराची मर्यादा २१ हजार आहे, दिव्यांग कामगारांसाठी ती २५ हजार आहे.

प्रत्येक ठिकाणाहून कंपनीच्या लेटरहेडवर पत्र घ्या. अमुक पदं, इतक्या जागा, इतका पगार, अमुक प्रकारचं दिव्यांगत्व चालेल. बंधनकारक नसलं तरी चालेल. अशी चार पत्रं प्रस्तावाला जोडली की तो इतर पन्नास प्रस्तावांपासून वेगळा दिसतो.

येण्याजाण्याचा रस्ताही आताच तपासा. मेट्रोची अ‍ॅक्वा लाईन हिंगणा रोडवर लोकमान्य नगरपर्यंत जाते, ऑरेंज लाईन खापरीपर्यंत. लिफ्ट आहेत, व्हीलचेअर डब्यात जाते. अडचण स्टेशनच्या बाहेर सुरू होते. लोकमान्य नगरहून कारखान्याच्या गेटपर्यंतचे दोन-तीन किलोमीटर कुबड्यांवर, तेही मे महिन्यात ४५ अंशांत? आमची दोन माणसं या दोन किलोमीटरपायी नोकरी सोडून घरी बसली. तेव्हापासून शेअर ऑटोचा खर्च आम्ही प्रस्तावातच लिहितो.

दुसरी पायरी: आपलं घर आधी आवरा

इथे बहुतेक संस्था अडकतात आणि दोष सरकारला देतात. नोंदणीचं प्रमाणपत्र सगळ्यांकडे असतं. पण धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी तुमचं आजचं कार्यकारी मंडळ चढलेलं आहे का? अध्यक्ष बदलले, सचिव वारले, नवे विश्वस्त आले, की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे या बदलाची नोंद घ्यायचा अर्ज, द्यावा लागतो. तो दिला नाही, किंवा दिला पण मंजूर झाला नाही, तर परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर जुनीच नावं राहतात. मग प्रस्तावावर सही एकाची आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. आमचा एक प्रस्ताव एवढ्याच कारणानं परत आला होता, त्रुटी पत्रात एक ओळ होती. दुरुस्तीला आठ महिने गेले. धर्मादाय कार्यालयात जाऊन आज उतारा काढा. उशीर झाला असेल तर विलंब माफीच्या अर्जासह चेंज रिपोर्ट टाका.

त्यानंतरचे कागद असे. दिव्यांगांसाठी संस्था चालवायची तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५० खाली नोंदणी लागते, ती राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडून, म्हणजे पुण्याहून. नीती आयोगाच्या दर्पण या संस्था-नोंदणीच्या पोर्टलवरचा युनिक आयडी नसेल तर केंद्राचा कुठलाही ऑनलाईन अर्ज पुढे सरकत नाही. पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी निधी ज्या ऑनलाईन प्रणालीतून येतो तिच्यावर, संस्थेची नोंदणी आणि त्याला जोडलेलं स्वतंत्र बँक खातं. तीन वर्षांचे ऑडिट अहवाल, तेही धर्मादाय कार्यालयात सादर केल्याच्या पोचेसह. आयकरातली सूट आणि देणगीदारांना सवलत देणाऱ्या नोंदण्या, ज्यांना १२अ आणि ८०जी म्हणतात. बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांग यांच्यासाठी काम करणार असाल तर १९९९ च्या कायद्याखालच्या राष्ट्रीय न्यासाकडेही नोंदणी करा, कारण त्याच्या योजना फक्त नोंदणीकृत संस्थांना मिळतात.

सगळ्या कागदांवर संस्थेचं नाव एकाच स्पेलिंगनं आहे ना, तेही बघा. ‘बहुउद्देशीय’ हा शब्द पॅनवर एक, दर्पणवर दुसरा आणि बँकेत तिसरा लिहिलेला मी पाहिला आहे.

तिसरी पायरी: कुठला पैसा कशासाठी

योजनांची यादी कुणीही देईल. कुठल्या खिशातून काय निघतं, ते कळलं पाहिजे.

प्रशिक्षणाचा मुख्य खिसा केंद्राच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाचा आहे. सिपडा नावाच्या, दिव्यांग कायद्याच्या अंमलबजावणीसाठीच्या योजनेखाली २०१५ पासून दिव्यांगांच्या कौशल्य विकासाची राष्ट्रीय कृती योजना चालते. संस्थेला प्रशिक्षण भागीदार म्हणून पॅनलवर यावं लागतं. उमेदवार १५ ते ५९ वयाचा आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा. अभ्यासक्रम आणि मूल्यमापन दिव्यांगांसाठीच्या कौशल्य परिषदेच्या चौकटीत होतं, आणि प्रशिक्षकालाही त्या त्या दिव्यांगत्वाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. पीएम-दक्ष दिव्यांगजन पोर्टलवर एका बाजूला प्रशिक्षण आहे आणि दुसऱ्या बाजूला रोजगार सेतू नावाचा नोकऱ्यांचा विभाग. दीनदयाळ दिव्यांगजन पुनर्वसन योजनेकडे काहीजण याच कामासाठी धावतात. ती चांगली योजना आहे, पण तिचा ओढा विशेष शाळा, शीघ्र हस्तक्षेप (लहान वयातच उपचार) आणि पुनर्वसनाकडे आहे. नोकरीच्या प्रशिक्षणासाठी तिच्या मागे लागू नका.

दुसरा खिसा घराजवळचा आहे आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांग कल्याणावर खर्च करायची असते. पूर्वी ती ३ टक्के होती, २०१८ मध्ये ५ झाली. शब्द नीट वाचा, स्वतःचं उत्पन्न. ज्या ग्रामपंचायतीला फक्त घरपट्टी-पाणीपट्टी आहे तिथे पाच टक्के म्हणजे काही हजार. पण ज्यांच्या हद्दीत कारखाने किंवा गोदामं आहेत त्यांचं तसं नाही. एखाद्या ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न ६० लाख असेल तर दरवर्षी तीन लाख होतात. सरपंच-ग्रामसेवकांना भेटा, मागच्या दोन वर्षांत हा निधी कशावर खर्च झाला ते विचारा. सांगत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. बहुतेकदा मार्चच्या शेवटी घाईनं साहित्य वाटून तो संपवलेला असतो. डिसेंबरच्या आत तुम्ही ठोस योजना घेऊन गेलात, म्हणजे गावातल्या सात जणांना कारखान्यापर्यंत पोचवणारी गाडी किंवा सांकेतिक भाषेच्या दुभाषीचं मानधन, तर तेही सुटतात आणि तुम्हीही. महानगरपालिकेत हेच काम अर्थसंकल्पाच्या आधी करायचं. नंतर गेलात तर लेखाशीर्षात तरतूद नाही, हे उत्तर ठरलेलं.

तिसरा खिसा प्रशिक्षणानंतरचा. शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, दरमहा जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र देतं. तीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, त्यामुळे कंपनीला सांगायचं: नाहीतरी घ्यायचेच आहेत, त्यातले दोन आमचे घ्या. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत, २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा, बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार असं विद्यावेतन ठरलं होतं. हा पैसा संस्थेकडे येत नाही. पण नोकरीचे पहिले महिने, जे सगळ्यांत नाजूक असतात, ते यातून निघून जातात.

आणि ज्याला नोकरी नको, दुकान हवं आहे, त्याच्यासाठी संस्थेनं अनुदान मागायची गरजच नाही. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाची बीजभांडवल योजना आहे: दीड लाखापर्यंतच्या व्यवसायाला ८० टक्के बँकेचं कर्ज, २० टक्के किंवा जास्तीत जास्त ३० हजार अनुदान. मोठा धंदा असेल तर राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडून राष्ट्रीय महामंडळाचं कर्ज. पीएमईजीपीमध्ये, म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात, दिव्यांगाला स्वतःचे ५ टक्केच घालावे लागतात आणि अनुदान शहरात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के. अर्ज भरून देणं, बँकेत सोबत जाणं, एवढंच आपलं काम. बँकेत सोबत जाणं हे लहान काम समजू नका. मॅनेजरसमोर कर्णबधिर माणूस एकटा बसला तर संभाषण पाच मिनिटांत संपतं.

चौथी पायरी: उमेदवार आणि त्यांचं कार्ड

यूडीआयडी कार्डाशिवाय, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राशिवाय, नाव यादीत घालू नका. पिवळं कार्ड म्हणजे ४० टक्के ते ८० टक्क्यांच्या आत, निळं ८० आणि वर, पांढरं ४० च्या खाली. पांढऱ्या कार्डाचा माणूस गरजू असला तरी या योजनांत बसत नाही. अर्ज ऑनलाईन भरून तपासणीला मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत जावं लागतं. तिथे तपासणीचे वार ठरलेले असतात, आधी विचारून जा. पारशिवनी किंवा भिवापूरहून आलेल्या माणसाला ‘आज हा डॉक्टर नाही’ म्हणून परत पाठवलं की तो पुन्हा येत नाही. आम्ही आता पंधरा-वीस जणांची गाडी करून एकाच दिवशी नेतो. मूल्यमापन आणि समुपदेशनासाठी नागपुरातच केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे, त्यांची मदत घ्या.

आपल्या भागासाठी एक खास गोष्ट. २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, त्यात सिकलसेल आला. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण किती आहेत हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पण सरकारी नोकरीच्या ४ टक्के आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे कार्ड आहे, आरक्षण नाही. या मुलांना खाजगी नोकरी आणि असे प्रकल्प हाच रस्ता उरतो. त्यांना दुखण्याचा झटका आला की आठ-आठ दिवस हजेरी बुडते आणि हजेरीच्या टक्क्यावर पुढचा हप्ता ठरतो. म्हणून बुडालेल्या तासांच्या भरपाईचं वेळापत्रक प्रस्तावातच लिहा. त्यांना थंड गोदामात किंवा उन्हात उभ्याच्या कामावर पाठवू नका.

हजेरीचंच आणखी एक. बायोमेट्रिक मशीन बोटांचे ठसे मागतं. कुष्ठरोगमुक्त माणसाच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, हातच नसलेल्याचा प्रश्नच वेगळा. चेहऱ्यावरून हजेरीची परवानगी आधीच लेखी मागा. तुकडी सुरू झाल्यावर मागितलीत तर तोवरचे दिवस गैरहजर धरले जातात.

पाचवी पायरी: हप्त्यांचं गणित

हे नीट बसून समजून घ्या, कारण संस्था बुडतात त्या इथे. केंद्राच्या कौशल्य प्रशिक्षणाच्या २०१५ च्या सामाईक निकषांनुसार प्रशिक्षणाचा पैसा तीन हप्त्यांत येतो: सुरुवातीला ३० टक्के, उत्तीर्ण होऊन प्रमाणपत्र मिळाल्यावर ५०, आणि रोजगार लागल्यावर २०. नंतर या टक्क्यांत फेरफार झाले आहेत, तेव्हा तुमच्या मंजुरी आदेशात जे आहे तेच धरा. पण रचना तीच.

समजा ३० जणांची तुकडी, माणशी २० हजार, एकूण सहा लाख. पहिला हप्ता १ लाख ८० हजार. आता सहा जण मधेच सोडून गेले. दुसरा हप्ता उरलेल्या २४ जणांचाच, २ लाख ४० हजार, आणि त्यातून सोडून गेलेल्यांचे आधी घेतलेले ३६ हजार वजा. हातात आले २ लाख ४ हजार. शेवटचा हप्ता २४ जणांचे ९६ हजार, तोही पूर्ण तेव्हाच, जेव्हा तीन महिन्यांत किमान ७० टक्के कामाला लागतील आणि त्यात पगारी नोकरीचा ठरलेला वाटा असेल. ५० ते ६९ टक्के लागले तर प्रमाणात. ५० च्या खाली शून्य. म्हणजे सहा लाखांच्या प्रकल्पात सगळं नीट झालं तरी ४ लाख ८० हजार, आणि नोकऱ्या नाही लागल्या तर ३ लाख ८४ हजार. शिक्षकाचा पगार आणि हॉलचं भाडं मात्र तीस जणांचंच.

पहिल्या पायरीवर दोन महिने गेटवर फिरायला का सांगितलं, ते आता कळलं असेल.

यावर उपाय तीन. निवड करताना चाळीस जणांना पंधरा दिवस येऊ द्या, जे रोज येतात त्यांचीच तुकडी करा. सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी गंगाजळी आधी उभी करा. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) त्यासाठी मागता येतो, कारण दिव्यांगांचं रोजगारक्षम कौशल्य हा विषय कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीतच आहे, त्याला संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. आणि तिसरा, एकाच खर्चासाठी दोन ठिकाणी पैसे मागू नका. सरकारला तसं लिहून द्यावं लागतं. शिक्षकाचा पगार केंद्राकडून, गाडी ग्रामपंचायतीकडून, साहित्य कंपनीकडून, असे भाग पाडून तक्ता प्रस्तावाला जोडा. लपवण्यापेक्षा दाखवणं सोपं.

तुकडीची तारीखही हिशेबातलीच बाब आहे. नागपुरात एप्रिल ते जूनमध्ये अस्थिव्यंग मुलांची तुकडी सुरू केली तर गळती ठरलेली. जुलैत सुरू करा. सांकेतिक भाषेचा दुभाषी, वाचक, मोटर लावलेलं मशीन, रॅम्प, कमोड हे खर्च ‘इतर’ या शीर्षाखाली घुसडू नका, नावानिशी लिहा. दिव्यांगांसाठीच्या जादा खर्चाची सोय निकषांत आहे, ती मागितली तरच मिळते.

सहावी पायरी: फाईलच्या मागे

ऑनलाईन अर्ज केला म्हणजे झालं, असं नाही. बऱ्याच अर्जांवर जिल्ह्याची तपासणी होते. अधिकारी येतील त्या दिवशी रजिस्टरं टेबलावर असू द्या आणि मुलं कामात असू द्या, स्वागतगीत नको. प्रत्येक कागदाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. त्रुटी पत्र आलं की रागावू नका. त्यात सहा मुद्दे असतील तर सहाही मुद्द्यांची उत्तरं त्याच क्रमानं, एकाच पत्रात, जोडपत्रांना नंबर देऊन द्या. तीन मुद्द्यांचं उत्तर दिलं की उरलेल्या तिन्हींसाठी नवीन पत्र येतं आणि मधे दोन महिने जातात. राज्याचा दिव्यांग कल्याण विभाग २०२२ पासून स्वतंत्र झाला आहे. जुन्या सवयीनं सामाजिक न्यायच्या टेबलावर अर्ज ठेवून आलात तर तो तिथेच झोपेल. हिवाळी अधिवेशनात मुंबईची माणसं नागपुरात असतात, तेव्हा भेटीचा प्रयत्न करायला हरकत नाही. पण मंजुरी भेटीवर अवलंबून ठेवू नका. त्या पंधरवड्यात सिव्हिल लाईन्सला गाडी लावायला जागा मिळाली तरी पुष्कळ.

सातवी पायरी: पैसा आल्यावर

वेगळं खातं, वेगळी कॅशबुक. त्या खात्यावर पडलेलं व्याज आपलं नसतं. सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे ते सरकारी तिजोरीत परत भरायचं असतं. हे न कळल्यामुळे चांगल्या संस्थांची पुढची अनुदानं थांबलेली पाहिली आहेत. आर्थिक वर्ष संपल्यावर नमुना १२-अ मध्ये उपयोगिता प्रमाणपत्र, सीएच्या सहीनं. अनुदानातून घेतलेली मशिनी मालमत्ता नोंदवहीत चढवा, परवानगीशिवाय विकू किंवा दान करू नका.

नोकरी लागलेल्या प्रत्येकाची फाईल ठेवा: नेमणूक पत्र, तीन महिन्यांच्या पगारपावत्या किंवा बँक खात्याचा उतारा, सुपरवायझरचा फोन. रोखीत पगार देणाऱ्या ठिकाणी माणूस लावलात तर त्याला काम मिळेल, पण शेवटच्या हप्त्यासाठी तुमच्या हातात पुरावा राहणार नाही. आणि पहिले तीन महिने आपलं एक माणूस आठवड्यातून एकदा कारखान्यात जाऊ द्या. गेल्या वर्षी आमच्या एका कर्णबधिर मुलानं अकराव्या दिवशी नोकरी सोडली. चौकशी केली तर कळलं की जेवणाच्या सुट्टीची वेळ बदलली होती, भोंगा त्याला ऐकू येत नव्हता आणि दोन दिवस तो उपाशीच परत कामाला लागला होता. सुपरवायझरनं त्याच्या टेबलाजवळ दिवा लावून दिला. खर्च दीडशे रुपये. मुलगा अजून तिथेच आहे आणि त्याच्या पगारपावत्या फाईलमध्ये लागतात.